बास मासेमारीसाठी परवडणारा रॉड आणि रीळ: पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत

प्रश्न थोडक्यात असा: तळ्यात आणि संथ पाण्याच्या नदीत बास (गोड्या पाण्यातला एक शिकारी मासा) धरायला सुरुवात करायची आहे, हाताशी पैसे बेताचे आहेत. स्पिनिंग (फेकताना स्पूल, म्हणजे लाइन गुंडाळायची चकरी, स्थिर राहतो ते रीळ) घ्यावं की बेटकास्टिंग (स्पूल फिरतो ते), दुकानातली तयार जोडी घ्यावी की रॉड आणि रीळ वेगवेगळं, खोक्यावर छापलेल्या बेअरिंगच्या आकड्याला किती मान द्यावा, आणि वापरलेलं सामान घेतलं तर चालेल का?

आधी उत्तर देतो, कारणं मागून. पहिली जोडी स्पिनिंगचीच घ्या. रॉड ६ फूट १० इंच ते ७ फूट लांब, मीडियम पॉवरचा, फास्ट ॲक्शनचा. रीळ २५०० किंवा ३००० मापाचं. त्यावर १० पौंडांच्या ओढीला तुटणारी ब्रेडेड, म्हणजे धागे विणून केलेली, लाइन आणि पुढे दीड-दोन मीटर ८ पौंडांचा फ्लुरोकार्बन (एकसंध प्लास्टिक धाग्याचा) लीडर, म्हणजे टोकाला जोडलेला तुकडा. एवढ्या सामानावर ३-४ ग्रॅमपासून १५-१६ ग्रॅमपर्यंतचे ल्युअर, म्हणजे खोटी आमिषं, नीट टाकता येतात, आणि बासला लागणारे बहुतेक ल्युअर याच वजनांत बसतात. बेटकास्टिंगची जोडी नंतर घ्या, तीही दाट पाणवनस्पतीत किंवा बुडालेल्या झाडांत जाड लाइनीवर जड ल्युअर टाकायची गरज खरोखर पडायला लागली की. त्याच पैशात दोन हलक्या दर्जाच्या जोड्या घेण्याचा मोह होतो, तो टाळा. दोन्ही अर्धवट काम करतात आणि वर्षभरात दोन्ही बदलाव्या लागतात.

मासा केवढा, ताकद किती लागते

महागडं सामान विकताना सगळ्यांत जास्त वापरली जाणारी भीती म्हणजे "मोठा मासा लागला तर?" म्हणून आकडे पाहून घेऊ. मोठ्या तोंडाच्या बासचा जागतिक विक्रम २२ पौंड ४ औंसांचा आहे, म्हणजे साधारण १०.१ किलो. जॉर्ज पेरी यांनी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात १९३२ साली तो मासा धरला. २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्याहून किंचित जड मासा काढला, पण या वजनात आधीचा विक्रम मोडायला किमान २ औंसांचा फरक लागतो, म्हणून विक्रम दोघांच्या नावावर राहिला. नेहमीच्या पाण्यात मिळणारा बास मात्र अर्धा ते दोन किलोंचा असतो. त्याचा जोर पहिल्या काही सेकंदांच्या धावेत आणि पाण्याबाहेर मारलेल्या उडीत असतो. शंभर मीटर लाइन ओढून नेणारा हा मासा नाही.

ड्रॅग, म्हणजे मासा ओढतो तेव्हा ताण धरून लाइन सोडणारा रिळाचा ब्रेक, लावायचा तो लाइनीच्या तुटण्याच्या ताकदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर. ८ पौंडांचा लीडर म्हणजे ३.६ किलो, म्हणून ड्रॅग साधारण ०.९ ते १.१ किलोवर. १२ पौंडांची लाइन असली तरी दीड किलोच्या आसपास. अशा वेळी खोक्यावरच्या "कमाल ड्रॅग १० किलो" या ओळीसाठी जास्तीचे पैसे का द्यायचे? ड्रॅगमध्ये पाहायचा तो गुळगुळीतपणा. लाइन हाताने सावकाश ओढा. ती एका लयीत सुटली तर ड्रॅग चांगला. आधी अडकून मग झटक्याने सुटत असेल तर तो झटका नेमका गाठीवर बसतो आणि ८ पौंडांची लाइन त्याहून कितीतरी कमी ओढीला तुटते.

रॉड

रॉडवर मुठीच्या वर दोन गोष्टी छापलेल्या असतात: लाइनीची ताकद आणि ल्युअरचं वजन. त्यातलं ल्युअरचं वजन आधी वाचा. पॉवरचं नाव प्रत्येक कंपनी आपापल्या मर्जीने देते. एकाचा मीडियम दुसऱ्याच्या मीडियम-हेवीएवढा कडक असू शकतो. वजनाची मर्यादा त्यामानाने प्रामाणिक असते. पहिल्या स्पिनिंग रॉडवर १/८ ते ५/८ औंस, म्हणजे ३.५ ते १८ ग्रॅम, असं काही लिहिलेलं असावं. या दोन टोकांच्या मधलं वजन टाकताना रॉड उत्तम वाकतो आणि ल्युअर लांब जातो. खालच्या टोकाचा ल्युअर जातो पण ओढून फेकावा लागतो. वरच्या टोकाला रॉड दमतो.

पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो. ॲक्शन म्हणजे तो कुठून वाकतो. फास्ट ॲक्शनचा रॉड वरच्या एक-तृतीयांश भागात वाकतो आणि लगेच सरळ होतो, मॉडरेट जवळजवळ निम्म्यापासून वाकतो. या दोन्हींची गल्लत नवख्या माणसाकडून नेहमी होते आणि त्यातूनच चुकीची खरेदी होते. एकच मोठा गळ असलेले ल्युअर, म्हणजे जिग (जड डोकं असलेला गळ) किंवा रबरी किडा, यांना माशाच्या टणक तोंडात गळ रुतवायला हिसका द्यावा लागतो, तिथे फास्ट लागतो. क्रँकबेटला (ओढल्यावर डुलत पोहणारा, माशाच्या आकाराचा टणक ल्युअर) तीन टोकांचे बारीक गळ असतात आणि ते पातळ कातडीत अडकतात. ताठ रॉडने हिसका दिला की कातडी फाटून मासा सुटतो. तिथे मऊ, मॉडरेट रॉड हवा.

आणि इथेच बेताच्या पैशातल्या माणसाचा मोठा फायदा आहे. क्रँकबेटसाठी फायबरग्लासचा, किंवा फायबरग्लास-कार्बन मिश्रणाचा, रॉड मुळातच जास्त योग्य असतो, आणि तो स्वस्तही असतो. मिश्र बनावटीचे अग्ली स्टिक रॉड १९७६ पासून बाजारात आहेत. ते जड आहेत, टोकाकडून येणारी बारीक थरथर हाताला कमी पोचवतात, पण कारच्या डिकीत कोंबले, होडीत पाय पडला तरी सहसा तुटत नाहीत. मुलांसाठी, सरळ ओढायच्या ल्युअरसाठी किंवा जिवंत आमिषासाठी हा रॉड बिनधास्त घ्या. तळाला ल्युअर टेकवून माशाची बारीक टोच ओळखायची असेल तेव्हा मात्र कार्बनचा रॉड हवा. तिथे ग्लासवर पैसे वाचवले तर टोच हाताला कळतच नाही, आणि मासा ल्युअर थुंकून मोकळा होतो.

कार्बनच्या रॉडवर आयएम ६, आयएम ७, आयएम ८ असे आकडे दिसतात. ही मुळात हर्क्युलीज या कंपनीच्या कार्बन धाग्याची व्यापारी नावं. रॉडचा दर्जा ठरवणारं ते सर्वमान्य मोजमाप नाही. दोन वेगळ्या कंपन्यांच्या आयएम ७ ची तुलना करण्यात अर्थ नाही. धाग्याचा ताठपणा, म्हणजे मॉड्यूलस, वाढला की तेवढ्याच ताठपणाला कमी कार्बन लागतो, म्हणून रॉड हलका आणि जास्त संवेदनशील होतो. पण भिंत पातळ होते आणि ओरखडा, टोला सोसण्याची क्षमता घटते. पहिल्या रॉडसाठी मधल्या मॉड्यूलसचा कार्बन सगळ्यांत चांगला: ३० टनांपर्यंतचा पुरे (टन हे मॉड्यूलसचं माप). ४० टनांचा रॉड सुरुवातीलाच घेऊन तो उंच धरून मासा उचलणं म्हणजे रॉड तोडायचं निमित्त शोधणं.

पैसे वाचवू नयेत अशी जागा म्हणजे कड्या, ज्यांतून लाइन जाते त्या. रॉडचं बाकी सगळं ठीक असलं तरी एक कडी तडकली की लाइन तिथे दर फेकीला चिरत जाते. आतला गोल चिनी मातीसारख्या कडक पदार्थाचा असावा. ॲल्युमिनियम ऑक्साइड स्वस्त आणि पुरेसं आहे, सिलिकॉन कार्बाइड अधिक गुळगुळीत आणि महाग. ब्रेडेड लाइन वापरणार असाल तर नुसत्या स्टीलच्या, आत गोल नसलेल्या साध्या कड्या टाळा, कारण ब्रेड त्यांत चर पाडू शकते. कड्यांची संख्या फुटांतल्या लांबीहून एखादी जास्त असावी: ७ फुटी रॉडला टोकाची धरून ८ तरी. कड्या कमी असल्या की रॉड वाकल्यावर लाइन दोन कड्यांच्या मध्ये सरळ रेषेत जाते आणि सगळा ताण एका जागी येतो.

दुकानात हे चार-पाच मिनिटांचं काम न चुकता करा. रॉड डोळ्यासमोर बंदुकीसारखा धरून सगळ्या कड्या एका रेषेत आहेत का पाहा. कान साफ करायची कापसाची काडी प्रत्येक कडीतून फिरवा. कापसाचा तंतू अडकला तर तिथे तडा आहे. कडीचा पाय जिथे दोऱ्याने बांधून वर लाखेसारखा थर दिलेला असतो, तिथे बुडबुडे किंवा सुटलेला दोरा नको. रीळ बसवायच्या जागेत प्रत्यक्ष रीळ बसवून पेच आवळा आणि रीळ डावीकडे-उजवीकडे हलवा. जराही डुगडुगलं तर तो रॉड परत ठेवा, कारण हा खेळ वापरात वाढतच जातो. मग रीळ बसवलेला रॉड मुठीच्या पुढच्या टोकाजवळ एका बोटावर तोला. टोक जड वाटलं तर दोन तासांत मनगट बोलायला लागेल. हलकं रीळ लावून हे सुधारत नाही, उलट बिघडतं. थोडं जड रीळ टोकाला तोलून धरतं.

मुठीला बुचाचं लाकूड की फोम, यावर फार वेळ घालवू नका. स्वस्त रॉडवरच्या बुचाच्या भोकांत भरलेलं लुकण लवकर गळून पडतं, म्हणून त्या किमतीत फोम बरा. एकसंध की दोन तुकड्यांचा? बास पकडण्यापुरता आज फारसा फरक जाणवत नाही. बसने किंवा सायकलवर जाणाऱ्याने दोन तुकड्यांचा निःशंक घ्यावा. जोड मात्र दर तासा-दोन तासांनी हाताने दाबून पाहावा, सैल जोडावर जोरात फेक केली की जोडाचं तोंड फाटतं.

स्पिनिंग रीळ

बेअरिंगचा आकडा. बडा घर पोकळ वासा ही म्हण इथे तंतोतंत लागते. १२ किंवा १३ बेअरिंग असलेल्या अगदी स्वस्त रिळात ती कुठल्या दर्जाची आहेत आणि कुठे बसवली आहेत हे कोणी सांगत नाही. नामांकित कंपनीचं ४-५ बेअरिंगचं रीळ त्याहून जास्त टिकतं, कारण मुख्य गिअर नीट कापलेला असतो आणि अंगाला पीळ पडत नाही. स्पिनिंग रिळात बेअरिंग हवीच अशा जागा मोजक्या: मुख्य गिअरच्या दोन्ही बाजू, पिनियन (त्याला जुळलेला छोटा गिअर) आणि लाइन ज्यावरून वळते तो छोटा रोलर.

हा रोलर दिसायला नगण्य आहे आणि स्वस्त रिळांत सगळ्यांत आधी तोच मरतो. तो अडकला की लाइन त्याच्यावरून घासत जाते, गरम होते आणि पीळ घेते. मग लोक लाइनीला दोष देतात. खरेदी करताना कमान (लाइन स्पूलवर वळवणारी, उघडझाप होणारी तार) बंद करून लाइन रोलरवर ताणा आणि हँडल फिरवा, रोलर स्वतः फिरताना दिसला पाहिजे. वापरात दर चार-पाच खेपांनी त्यावर पातळ तेलाचा एकच थेंब टाका.

हँडल उलटं फिरवून पाहा. चांगलं रीळ जागच्या जागी थांबतं. बोटभर मागे फिरून मग अडकत असेल तर हिसका देताना तेवढी लाइन सुटते आणि गिअरवर धक्का बसतो. कमान हाताने उघड-मिट करा, ती दोन्ही टोकांना ठामपणे बसावी. हँडल मध्यम वेगाने फिरवून मुठीत येणारी खरखर जाणून घ्या. नवं रीळ ग्रीसमुळे थोडं जड फिरणं ठीक आहे. प्रत्येक फेऱ्यात ठराविक जागी टिकटिक लागणं ठीक नाही, तो गिअरचा दोष असतो आणि तो वापराने जात नाही.

मापांचा गोंधळ लक्षात ठेवा. २५०० म्हणजे सगळीकडे सारखं नाही. डायवा कंपनीच्या एलटी मालिकेत २५०० चं अंग जुन्या २००० एवढं आहे, म्हणून तिथे ३००० पाहावं. फ्लूगर कंपनीकडे हीच मापं २५, ३०, ३५ अशी लिहितात. आकड्यापेक्षा वजन आणि स्पूलचा घेर पाहा: २३० ते २७० ग्रॅमचं रीळ ७ फुटी मीडियम रॉडवर बरं तोललं जातं. गिअरचं प्रमाण (हँडलच्या एका फेऱ्यात लाइन गुंडाळणारा भाग किती फेरे घेतो) ५.२:१ ते ६.२:१ यांत काहीही चालेल. फिरवायचं हँडल बहुतेक स्पिनिंग रिळांत डावी-उजवीकडे बदलता येतं, त्यामुळे त्याची काळजी नको.

नावं हवीत तर शिमानोचं सिएना आणि त्याच्या वरचं सेडोना, डायवाचं रीगल, फ्लूगरचं प्रेसिडेंट ही रिळं या पायरीवर बरीच वर्षं टिकून आहेत. रॉडमध्ये अग्ली स्टिक जीएक्स२ आणि कार्बनमध्ये बर्कलीचा लाइटनिंग रॉड. कंपन्या त्याच नावाखाली दर काही वर्षांनी आतलं बदलतात, म्हणून नाव वाचून न थांबता वर सांगितलेल्या तपासण्या करा. मागच्या आवृत्तीचं रीळ नव्याच्या आगमनानंतर उतरत्या किमतीत मिळतं, आणि बासच्या कामाला त्या दोन आवृत्त्यांतला फरक क्वचितच जाणवतो.

बेटकास्टिंग: इथे स्वस्ताई का बोचते

स्पिनिंग रिळात फेकीच्या वेळी स्पूल स्थिर असतो, लाइन त्याच्या कडेवरून सुटत जाते. बेटकास्टिंगमध्ये ल्युअर स्वतः स्पूल फिरवत पुढे जातो. हवेच्या विरोधाने ल्युअर मंदावतो, पण स्पूल आपल्या जडत्वाने फिरतच राहतो. लाइन बाहेर जाण्यापेक्षा आत जास्त सुटते आणि गुंता होतो. स्वस्त रिळाचा स्पूल जड असतो, म्हणून तो सुरू व्हायला जास्त ओढ मागतो आणि थांबायला जास्त ब्रेक. यामुळेच ७ ग्रॅमच्या खालचे ल्युअर स्वस्त बेटकास्टरवर टाकण्याचा हट्ट करू नये. त्यासाठी तुमचं स्पिनिंग आहेच.

म्हणून वाटणी अशी करा. स्पिनिंगच्या जोडीला १०० वाटे पैसे असतील तर ४० रॉडला, ४५ रिळाला, १५ लाइनीला. बेटकास्टिंगला ५५ रिळाला, ३५ रॉडला, १० लाइनीला, कारण तिथे साध्या मोनोफिलामेंटवर, म्हणजे एकाच नायलॉन धाग्याच्या लाइनीवर (मोनो), भागतं. रॉड ७ फुटी, मीडियम-हेवी, फास्ट, ल्युअर १/४ ते १ औंस (७ ते २८ ग्रॅम), लाइन १० ते २० पौंड. याच एका रॉडवर स्पिनरबेट (फिरत्या पात्यांचा ल्युअर), जिग, रबरी किडा, पाण्यावरचे ल्युअर सगळं निभतं.

ब्रेक दोन तऱ्हेचे असतात. चुंबकीय ब्रेक बाहेरच्या चकतीने कमी-जास्त होतो. केंद्रोत्सारी ब्रेकमध्ये छोटे ठोकळे स्पूलच्या वेगाने बाहेर फेकले जाऊन घासतात. तो फेकीच्या सुरुवातीला, वेग जास्त असताना, जोरात काम करतो आणि पुढे सैल होतो, पण स्वस्त रिळांत ठोकळे बदलायला बाजूचं झाकण उघडावं लागतं. आबू गार्सियाचं ब्लॅक मॅक्स पहिल्या प्रकारचं, शिमानोचं साधं एसएलएक्स दुसऱ्या. शिकताना बाहेरच्या चकतीचा चुंबकीय ब्रेक सोपा पडतो, काठावर उभ्या-उभ्या बदलता येतो. हँडल उजवीकडे की डावीकडे हे विकत घेतानाच ठरवा, बेटकास्टरवर ते नंतर बदलत नाही.

गिअर ६.३:१ ते ७.१:१ पुरे. एका फेऱ्यात किती लाइन येते ते स्वतः काढता येतं: भरलेल्या स्पूलचा व्यास ३४ मिलिमीटर असेल तर घेर साधारण १०७ मिलिमीटर, गुणिले ६.३, म्हणजे सुमारे ६७ सेंटिमीटर. स्पूल अर्धा रिकामा असला की हाच आकडा बराच खाली येतो, म्हणून लाइन भरून ठेवण्याला महत्त्व.

रीळ लावायची रीत:

१. १४ ग्रॅमचं सरावाचं वजन बांधा, गळ नको. रॉड आडवा धरा.
२. हँडलच्या बाजूची छोटी पेचाची टोपी अशी आवळा की अंगठ्याची कळ दाबल्यावर वजन सावकाश खाली उतरेल आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबेल. ल्युअर बदलला की हे पुन्हा करायचं.
३. चुंबकीय चकती १० पैकी ७ किंवा ८ वर ठेवा.
४. एक लांब फेक करा, त्यापुढे आणखी ५ मीटर लाइन हाताने ओढा आणि स्पूलवर चिकटपट्टीचा तुकडा लावून वर लाइन गुंडाळा. गुंता झाला तरी पट्टीच्या खाली जात नाही.
५. मनगटाला झटका न देता बाजूने संथ फेक करा. अंगठा स्पूलवर अलगद असू द्या आणि ल्युअर पाण्याला टेकण्याच्या क्षणी स्पूल थांबवा.
६. २०-३० फेकी स्वच्छ गेल्या की चकती एकाने कमी करा. वारा समोरून असेल तर एकाने वाढवा.

गुंता झाला तर लाइन जोरात ओढू नका, त्याने फास आवळतात. अंगठा स्पूलवर घट्ट दाबा, हँडल एक-दोन फेरे फिरवा, मग कळ दाबून लाइन बाहेर ओढा. दोन-तीनदा केलं की बहुतेक गुंते सुटतात. फ्लुरोकार्बनवर मात्र गुंत्यात मुरड पडलेली जागा पुढे तिथेच तुटते, म्हणून शिकताना १२ किंवा १४ पौंडांची मोनो घाला.

लाइन: सगळ्यांत दुर्लक्षित खर्च

बऱ्यापैकी रॉड आणि रीळ घेऊन त्यावर जोडीबरोबर आलेली लाइन तशीच ठेवणं ही सर्रास होणारी चूक आहे. कारखान्यात भरलेली लाइन बहुधा जाड, ताठ आणि स्पूलवर सैल गुंडाळलेली असते. फेक छोटी पडते, फास सुटतात आणि रीळ वाईट ठरतं. पहिल्याच दिवशी ती काढा.

ब्रेड गुळगुळीत असते, ती थेट स्पूलवर बांधली तर ताणाखाली अख्खा गठ्ठा स्पूलवर सरकतो आणि ड्रॅग निकामी झाल्यासारखं वाटतं. म्हणून खाली थोडी मोनो, तिच्यावर ब्रेड. बासला फेक फार तर ४०-५० मीटरची, त्यामुळे १२०-१३० मीटर ब्रेड पुरते. बाकीचा स्पूल मोनोने भरला की ब्रेडचे पैसे वाचतात. ब्रेडचा पुढचा भाग झिजला की ती उलटी करून भरा. आतली बाजू नव्यासारखीच असते, म्हणजे एकाच लाइनीत दुप्पट काळ निघतो. स्पूलच्या कडेपासून २-३ मिलिमीटर खालपर्यंत भरा. स्पिनिंगवर त्याहून जास्त भरली तर लाइन गठ्ठ्याने सुटते, कमी भरली तर कडेवर घासून फेक आखडते. भरताना ओल्या फडक्यात चिमटून ताण द्या. फेकीनंतर कमान हँडल फिरवून मिटवू नका, हाताने मिटवा आणि लाइन एकदा ताणून घ्या. स्पिनिंगवरचे निम्मे फास या एका सवयीने बंद होतात.

सबंध रीळभर फ्लुरोकार्बन स्पिनिंगवर भरायचा विचार असेल तर ८ पौंडांच्या वर जाऊ नका, जाड फ्लुरोकार्बन लहान स्पूलवरून स्प्रिंगसारखा उसळतो. गाठ ब्रेड-लीडरला डबल युनी, गळाला पालोमार. आवळण्याआधी गाठ ओली करा, कोरडी गाठ घर्षणाने तापून आतल्या आत कमजोर होते.

तयार जोडी की वेगवेगळं

अगदी खालच्या किमतीत तयार जोडी फायद्याची असते, कारण त्याच पैशात वेगवेगळं घेतलं तर दोन्ही निकृष्ट येतील. जोड्यांत बहुधा रॉड चालण्यासारखा असतो आणि रीळ कच्चं. म्हणून ज्या रिळाचं नाव आणि नमुना स्वतंत्रपणेही विकला जातो अशीच जोडी निवडा. ज्या जोडीतल्या रिळाला फक्त त्या जोडीपुरतंच नाव आहे, तिथे सुटा भाग मिळण्याची आशा कमी. जोडीत लांबी-पॉवरची निवड नसेल आणि तुम्हाला हवा तो मीडियम-फास्ट नसेल, तर थोडं थांबून वेगवेगळं घेणं चांगलं.

वापरलेलं सामान

रीळ वापरलेलं घ्यायला हरकत नाही, रॉडच्या बाबतीत सावध राहा. रिळाचा बिघाड फिरवल्यावर कळतो आणि बऱ्याचदा साफसफाईने जातो. कार्बनच्या रॉडला लागलेला टोला मात्र बाहेरून केसाएवढ्या ओरखड्यासारखा दिसतो आणि ताण आला की रॉड नेमका तिथे मोडतो. म्हणून नख संपूर्ण लांबीवर फिरवा, कुठे खाच लागते का पाहा. मग मूठ धरून टोक छताच्या कडेला अलगद टेकवून रॉड हळूहळू वाकवा आणि वाक सलग आहे का ते बघा. मध्ये कुठे कोन पडला किंवा कुरकुर ऐकू आली तर सोडून द्या. टोकाची कडी नुकती बदललेली असेल तर रॉडची लांबी मोजा. छापलेल्या लांबीपेक्षा रॉड दोन-तीन इंच आखूड भरला तर टोक मोडून पुन्हा बसवलं आहे, आणि तो रॉड आता छापल्याहून ताठ आहे.

वापरलेल्या स्पिनिंग रिळात रोलर, कमानीची स्प्रिंग आणि उलटं न फिरण्याची पकड तपासा. पकड सरकत असेल तर अनेकदा कारण एवढंच असतं की आधीच्या मालकाने त्या क्लचमध्ये भरपूर तेल किंवा ग्रीस घातलेलं असतं. उघडून पुसलं की ती परत धरते. बेटकास्टरमध्ये लाइन डावी-उजवीकडे नेणारा आडवा दांडा आणि त्यातली छोटी खुंटी झिजते. लाइन एका बाजूला ढीग करून बसत असेल तर हाच भाग गेलेला असतो आणि तो बहुतेक नमुन्यांना सुटा मिळतो. ड्रॅगच्या चकत्या फेल्टच्या असतील आणि रीळ महिनोन्‌महिने ड्रॅग आवळून पडून असेल तर त्या चपट्या होऊन झटके देतात. बदलायला फार खर्च नाही, पण किंमत ठरवताना तो मोजा. घरी आणल्यावर तुम्हीही दर खेपेनंतर ड्रॅगचा पेच सैल करून ठेवा, आणि पुढच्या वेळी पाण्यावर गेल्यावर पहिल्या फेकीआधी छोट्या स्प्रिंगच्या काट्याने तो पुन्हा एक किलोवर लावा.